शेवंताबाई पाणी का पीत नव्हत्या

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आमची पहिली प्रात्यक्षिक परीक्षा कशाची होती, तर खाटेवर चादर अंथरण्याची. सुट्टीत घरी वडनेरला आल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा वडील ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. ते म्हणाले, "मंग कॉलेजात कायले गेली? गोधडी टाकाले तं तुह्या मायनंबी शिकोलं असतं."

आई म्हणाली, "अन् माह्याजवळ नापास नसती झाली."

कारण मी त्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाले होते. माझ्या चादरीला मधोमध एक सुरकुती राहिली होती. मॅडमनी माझा हात धरून तो त्या सुरकुतीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता ह्याच्यावर दिवसभर न हलता पडून राहायचं आहे असं समज." आपण झोपेत कितीदा कूस बदलतो ते आपल्याला कळतही नाही. ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्या अंगाखाली ती सुरकुती दोरीसारखी रुतते. आधी कातडी लाल होते, मग काळपट, मग फुटते. फुटलेली जखम भरायला महिने लागतात आणि कधी कधी ती भरतच नाही. गोधडी टाकण्यात एवढं सगळं असतं, हे मी वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं ना."

ह्या अंकासाठी लिहायला मॅडमनी माझं नाव सुचवलं, तेव्हा मला संकोच वाटला. दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी माणसं नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे हे लिहून झाल्यावर घरात कोणाला वाचायला द्यावं, असंही कोणी नाही. पण मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींसाठी लिही. तुला जे पहिल्यांदा कळलं, ते त्यांना पण पहिल्यांदाच कळणार आहे." म्हणून लिहिते.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे सुई टोचणं वाटतं. सुई हा त्यातला थोडा भाग. बाकीचं काम घरातल्यासारखंच असतं, फक्त ते नियमाने करायचं असतं. पेशंटला हात लावण्याआधी हात धुवायचे. हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं, पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं. पाणी पाजताना उठवून बसवायचं, झोपल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. खाटेचा कठडा वर करून ठेवायचा. हा कठडा म्हणजे आमची रोजची लढाई. एका आजोबांचा कठडा मी सकाळी वर करून गेले आणि परत येऊन पाहते तर त्यावर दोन धोतरं आणि एक टॉवेल वाळत घातलेला. सलाईनच्या स्टँडवर बनियन. आजोबांची बायको मला म्हणाली, "लय चांगली सोय केली बाई सरकारनं."

तर माझी तिसऱ्या वर्षातली नेमणूक बुलढाण्यातल्या एका दवाखान्यात, हाडांच्या बायकांच्या वॉर्डात होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे शेवंताबाई आल्या.

शेवंताबाई धामणगाव बढ्याच्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने बारीक, हात कामाचे. गोठ्यात घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. साखर वाढलेली होती, ती खाली आली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तोपर्यंत पायाला वजन लावून झोपवून ठेवलेलं. असं वजन लावलं की पेशंटला पूर्ण कूस बदलता येत नाही. आम्ही दोघीतिघी मिळून चादरीसकट उचलतो आणि पाठीमागे उशी देऊन थोडं एका अंगाला कलतं करतो. काही वेळाने उशी दुसऱ्या बाजूला. एवढ्यानेही पाठीच्या खालच्या हाडावरचा भार हलका होतो.

शेवंताबाई एका अंगाला छान राहायच्या, भिंतीकडच्या. दुसऱ्या अंगाला, दाराकडे तोंड करून ठेवलं, की आमची पाठ वळेपर्यंत उशी खाली पडलेली असायची.

"आजी, उशी कोणी काढली?"

"सरकली असंल बाई."

"उशीला पाय आहेत का?"

"आता दवाखान्यातली उशी हाय. मले काय मालूम?"

वॉर्डातल्या बायका हसायच्या. शेवंताबाईही पदराआड हसायच्या. त्यांचा पदर सदा डोक्यावर आणि अर्ध्या तोंडावर असे. मी समजले, म्हाताऱ्या बाईची सवय.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओठ कोरडे, जीभ कोरडी, लघवी अगदी थोडी आणि गडद. मी रोज सांगायची, आजी, पाणी प्या. त्या म्हणायच्या, "हाव, पेतो ना." बाटली भरून ठेवली की दुपारपर्यंत रिकामी. मला बरं वाटायचं. पुढे कळलं की बाटली त्यांची सून मनीषा रिकामी करत होती, स्वतः पिऊन, सिस्टर रागवू नये म्हणून. सलाईन लावलं होतं, तर त्याचं चाक कोणीतरी हळूच फिरवून थेंब कमी करत होतं. तेही मनीषाच, सासूच्या सांगण्यावरून. त्या बिचारीला दिवसातून किती वेळा स्वतः बाथरूमला जावं लागत असेल, देव जाणे.

मग एका सकाळी राऊंडला डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. किडनीवर ताण दिसत होता. त्यांनी शेवंताबाईंना एका अंगाला कलतं करायला सांगितलं. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी लाल झाली होती. डॉक्टर म्हणाले, "हे असंच राहिलं तर भूल देणारे डॉक्टर हिला घेणार नाहीत. आणि कातडी फुटली तर मीच घेणार नाही, पू हाडापर्यंत जाईल. लघवीची नळी टाका आणि सलाईन वाढवा."

ऑपरेशन झालं नाही तर काय, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. ह्या वयात खुबा मोडलेलं माणूस खाटेवर राहिलं की खाटेवरूनच जातं. मनीषा तोंडात पदर घालून उभी होती. शेवंताबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "ते नळीची पिशवी कुठी राहते?"

मी सांगितलं, खाटेला लटकवतात.

"सगळ्याइले दिसते?"

"दिसते."

"मंग मी मरतो, पण नळी नोको."

आम्हा विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात येणाऱ्या मॅडम बाजूलाच होत्या. नळीने लघवीत जंतू जाण्याची भीती असते, गरज नसेल तर ती टाळावी, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि दोन दिवस मागून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या दोन दिवसांत हिला पाणी जायला पाहिजे. तू बघ." आमच्या मॅडम नाशिककडच्या. त्यांनी "तू बघ" म्हटलं की मग कारणं सांगायची सोय नसते.

आता मोठ्या बाबांबद्दल सांगते. मोठे बाबा म्हणजे शेवंताबाईंचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. गावाकडे बाया भासऱ्यांचं नाव घेत नाहीत. घरातली मुलं त्यांना मोठे बाबा म्हणतात म्हणून त्यांनीही मोठे बाबाच म्हणायचं. वॉर्डातही सगळे त्यांना तेच म्हणू लागले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. सकाळच्या बसने घाट चढून बुलढाण्याला यायचे आणि शेवंताबाईंच्या खाटेजवळ, दाराच्या बाजूला, स्टुलावर बसायचे. संध्याकाळच्या बसपर्यंत बसून राहायचे. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला एवढा वेळ बसू देत नाहीत. पण ते इतके म्हातारे आणि इतके गप्प होते की गार्डने आणि आम्हीही त्यांना खुर्ची-टेबलांत धरलं होतं. शेवंताबाईंचे मालक तरुणपणी वारले, तेव्हा दोन्ही घरांची शेती मोठ्या बाबांनीच सांभाळली. शेवंताबाईंचा मुलगा सुरतला कामाला आहे. त्यामुळे भावजयीजवळ बसणं हे त्यांना आपलं काम वाटत होतं. ते काही बोलत नसत. फक्त बसत.

ते बसले की सून मनीषा खाली जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसायची. वर सासू भिंतीकडे तोंड करून. हे मी रोज पाहत होते आणि मला त्यात काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मोठे बाबा डबा खायला बाहेर गेले. काठीचा आवाज दारापलीकडे गेला आणि शेवंताबाईंनी माझी बाही ओढली.

"पोरी, गेले का ते?"

"कोण?"

"पाह्य ना दारात. गेले का?"

मी पाहून आले. गेले होते. "मंग दे पाणी. लवकर दे. अन् भांडं आण."

मी त्यांना उशीला टेकवून बसतं केलं. त्या पाणी अशा प्यायल्या, की मला पाहवेना. पेला रिकामा, दुसरा रिकामा. मी पडदा ओढला, त्यांना दुसऱ्या पायावर जोर देऊन उचलायला सांगितलं, मनीषाने कमरेखाली हात दिला आणि आम्ही भांडं सरकवलं. शेवंताबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात काठीचा आवाज परत आला. मोठे बाबा मिठाची पुडी विसरले होते. पडद्याच्या पलीकडे येऊन ते उभे राहिले आणि अगदी काळजीने म्हणाले, "काय वो सिस्टर, काही त्रास होऊन राह्यला का तिले?"

शेवंताबाईंचं सगळं अंग ताठ झालं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली. भांडं कोरडंच राहिलं. मोठे बाबा पुडी घेऊन गेले तरी ते कोरडंच राहिलं. माणूस किती वेळ रोखून धरत असेल, की मग सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही.

मला एकदम आमचं घर आठवलं. माझे मोठे काका अंगणात आले की आई बोलता बोलता थांबते, पदर सारखा करते आणि भिंतीकडे वळते. बोलायचं झालं तर मला म्हणते, "त्याह्यले म्हणा, जेवून जा." काका समोरच असतात. मग काका मला म्हणतात, "तिले सांग, जेवून आलो." लहानपणापासून मी हा निरोप्या आहे. ह्यात कोणाचा राग नसतो, उलट मान असतो. पण घरात बाईला वळायला जागा असते, आत जायला खोली असते. इथे पायाला वजन लावलेलं, समोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भासरे, आणि मधे एक कापडी पडदा. रात्री प्यायलेलं पाणीही सकाळी ते आल्यावर नडणारच.

मी म्हटलं, "आजी, मी त्यांना बाहेर बसायला सांगते."

"खबरदार!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "काय सांगशीन? मी त्याह्यच्याइनं मुतत नाही म्हणून सांगशीन? लाज हाय का तुले?"

"मग गार्डला सांगते, नियम म्हणून."

"म्हाताऱ्या माणसाले हाकलशीन? माह्ये मालक गेले तई ह्याच माणसानं माह्यं पोरगं खांद्यावर घेतलं व्हतं. त्याह्यले वाईट वाटलं, तं मले ऑपरेशनबी नोको अन् काही नोको."

मनीषा मला हळूच म्हणाली, "ताई, मले समजते हो सगळं. पण माह्याच्यानं नाही होत त्याह्यच्याशी बोलनं. तुम्हीच पाहा काही."

मी मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे असं नातं पाळत नाहीत, मला हे कळलंच नसतं. मी बोलले तर ते ऑफिसातून आलेलं होईल. तू बोल. पण तिची लाज उघडी पाडू नकोस."

मोठे बाबा बाहेर कडुलिंबाखाली भाकरी खात होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनीच भाकरीचा तुकडा पुढे केला.

"खाय. ठेचा हाय. तुमच्या दवाखान्यात काय भेटते, पाण्याची डाळ."

मी तुकडा घेतला, खाली बसले. पहिल्यांदा मी माझ्या गावाचं सांगितलं, मग मेथीचं, मग कोथिंबिरीचं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, मेथीचं सांगाले तं तू नाही आली."

मग मी विचारलं, "मोठे बाबा, तुम्ही वावरातून घरी येता, तेव्हा अंगणात आल्यावर काय करता?"

"काय करतो म्हणजे? पाय धुतो."

"त्याच्या आधी."

त्यांनी विचार केला. "खाकरतो."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? घरात बायामाणसं असतेत. बसल्या असतेत, झोपल्या असतेत. त्याह्यले समजलं पाहिजे का कोणी आलं म्हणून."

"इथं खाकरत नाही तुम्ही."

"अठी कोनतं घर हाय? अठी तं पाटी लावेल हाय, शांतता राखा..."

आणि ते थांबले. हातातली भाकरी तशीच राहिली. मी खाली पाहत होते. लिंबाच्या काड्या मोजाव्यात तशी पाहत होते. त्यांनी भाकरी फडक्यात ठेवली, फडक्याची गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली.

"पाणी नाही पेत म्हणते डाक्टर," ते म्हणाले.

"हो."

"मी बसतो म्हणून?"

हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

"मले वाटलं, कोणी बसलं नाही तं गावातले म्हनतीन, भाऊ नाही तं भावजयीले टाकून देल्लं," ते म्हणाले. मग काठी घेऊन उठले आणि आत न जाता सरळ बस स्टँडकडे चालू लागले. मी हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं होतं. मी मनात म्हटलं, झालं. शेवंताबाईंना आता मोकळेपणाने पाणी जाईल. मी पेला भरून नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"आज आले नाहीत ते. तू बोलली काही?"

"मी वाईट काही बोलले नाही, आजी."

"मंग काऊन आले नाहीत? बस पलटली का घाटात? का तुह्या बोलन्यानं रागावले?" आणि त्या पाणी घेईनात, ह्या वेळी काळजीने. पदर बाजूला झालेला, डोळे दाराकडे. काल ज्या अंगाला त्या राहत नव्हत्या त्याच अंगाला त्या आज राहिल्या होत्या, पण पाणी पोटात जात नव्हतं. मॅडमनी मागून घेतलेल्या दोन दिवसांतला एक असाच चालला होता. मी रडायच्या बेतात होते.

त्यांच्या खाटेच्या उशाशी एक खिडकी होती. पलीकडे दवाखान्याचा व्हरांडा. खिडकी उंच, त्यामुळे आतून फक्त आभाळ दिसायचं. तिथून एकदम जोरात खाकरण्याचा आवाज आला. नुसता खोकला नव्हे, घसा साफ करून, अंगणात ऐकू जावा तसा. वॉर्डातल्या बायकांचे हात आपोआप पदराकडे गेले. एकीने तर उठून केस बांधले.

मी बाहेर पळाले. मोठे बाबा व्हरांड्यात खिडकीच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून, उन्हात बसले होते. बाजूला पिशवी. सकाळच्याच बसने आले होते म्हणे. कुठे बसलं म्हणजे आतलं दिसणार नाही पण जवळ राहता येईल, हे त्यांनी साऱ्या दवाखान्याला फेरी मारून शोधलं होतं.

"कालच्यानं मले सुचत नव्हतं कुठी बसावं ते," ते म्हणाले. "अठी बसू देते का तुही मोठी सिस्टर?"

मी आत आले आणि शेवंताबाईंना सांगितलं. त्यांनी पदर नीट केला, भिंतीकडे पाहून थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "दे मंग तो गिलास."

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात एक नवीन काम वाढलं, निरोप पोचवण्याचं. ते निरोप पोचवण्याची काहीच गरज नव्हती, दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू जायचं. पण रीत ती रीत.

"त्याह्यले इचार, कांद्याले पाणी देल्लं का."

मी खिडकीशी जाऊन, "मोठे बाबा, कांद्याला पाणी दिलं का, विचारतायत."

बाहेरून, "म्हणा तिले, लाईनच नव्हती."

"म्हणावं, घरात बसून लाईन येते का कधी? डीपीपाशी जा लागते."

शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणायच्या, "अवो, ऐकू गेलं त्याह्यले!"

"गेलं तं गेलं. सिस्टरनं सांगतलं पाहिजे."

मी सांगायची. मग बाहेरून, "तिले इचार, तिचे किती गिलास झाले. कांदा वाळला तं मले बोलते, अन् स्वतः वाळून राह्यली त्याचं काय?"

सगळा वॉर्ड हसायचा. शेवंताबाई लाजून पाणी प्यायच्या. भांडं लागलं की मला नुसतं बोट दाखवायच्या, आणि मी पडदा ओढताना खिडकी लोटून घ्यायची. खिडकी लोटली की मोठे बाबा समजून उठायचे आणि लिंबाकडे एक चक्कर मारून यायचे. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं, तेव्हा पूजा म्हणाली, "तू जुनं जपलंस. बाईला सांगायला पाहिजे होतं, की दवाखान्यात लाज धरायची नाही, भासरे असोत की कोणी." तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्या आईने भिंतीकडे वळू नये, असं मलाही वाटतं. पण शेवंताबाईंकडे तेव्हा एवढा वेळ नव्हता. त्यांना आधी पाणी हवं होतं. आमच्या पुस्तकात शुश्रूषेचा पहिला नियम दिला आहे, पेशंटला आडोसा द्या. मला वाटायचं, आडोसा म्हणजे पडदा. कोणापासून आडोसा हवा आहे, हे विचारायचं पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि एक गोष्ट अजून टोचते. पाठीचा तो लाल डाग कमी झाला, पण पुरता गेला नाही, कारण सुरुवातीचे दिवस आम्ही उशीशी भांडण्यात घालवले.

नंतरचा रिपोर्ट बरा आला. डॉक्टरांनी पाठ पाहिली, बोटाने दाबून पाहिली, आणि म्हणाले, "उद्या घेऊ." ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते. शेवंताबाई वॉकर धरून चालत घरी गेल्या. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

ऑपरेशनच्या कपड्यांत पदर नसतो. हिरवा ढगळ झगा आणि केसांवर टोपी. शेवंताबाईंनी लुगडं सोडून मनीषाच्या हाती दिलं आणि टोपी दोन्ही हातांनी कपाळावर ओढून घेतली. टोपीला पुढे ओढायला काही असतं का? मी स्वच्छ पांढरी चादर घेतली आणि डोक्यावरून खांद्यापर्यंत घातली. त्यांनी तिची कड हनुवटीशी धरली.

ऑपरेशन थिएटरला जायची वाट व्हरांड्यातून होती. दुसरी वाट नव्हती. स्ट्रेचरची चाकं करकरत होती, मी डोक्याकडे होते आणि वॉर्डबॉय पायाकडे. वळण आलं तसा मला व्हरांडा दिसला. मोठे बाबा भिंतीशी बसलेले. आता त्यांना पुढे जाऊन सांगावं का, थोडं तिकडे व्हा, असा विचार मी करत होते. तेवढ्यात त्यांनी चाकांचा आवाज ऐकला. काठीवर भार देऊन ते उठले, टोपी नीट केली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यभर घरातल्या बायका त्यांना पाहून जशा वळल्या, तसे.

स्ट्रेचर त्यांच्या पाठीमागून जाऊ लागलं. शेवंताबाईंनी चादरीतून त्यांची पाठ पाहिली. मग मला म्हणाल्या, "थांब जरासाक." मी थांबवलं. त्या नेहमीसारख्या मलाच म्हणाल्या, "त्याह्यले सांग, येतो म्हणा."

मी सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नोको पोरी," मोठे बाबा भिंतीकडे पाहतच म्हणाले. मग थोडं थांबून, मला नाही, तिला म्हणाले, "ऐकलं म्या. ये."